वानच्या पाण्यात

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. तालुक्यांच्या यादीत ते कुठं लिहिलेले नाहीत. पण सोयरीक जमवताना, कुणाच्या बोलण्याची चेष्टा करताना आणि मुख्य म्हणजे पाण्याविषयी बोलताना ते लगेच वर येतात. घाटावर पडलेला पाऊस पैनगंगेत आणि खडकपूर्णेत उतरतो आणि पुढं गोदावरीच्या वाटेनं बंगालच्या उपसागराला जातो. घाटाखालचा पाऊस दुसऱ्या पूर्णेत जातो. ही पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. बुलढाणा शहर या दोन पाण्यांच्या मधे, अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बसलेलं आहे. दोन समुद्रांची सोय लावणाऱ्या या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, ते वेगळं.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. सोसायटीच्या तलावात रोज सकाळी गॉगल लावून पोहतो. फेब्रुवारीत तो घरी आला आणि म्हणाला, "मामा, इथं पोहायला कुठं जातात? आणि नुसतं पोहणं नको, थोडं डोंगरात चालायलाही पाहिजे." मी एकेक जागा मनात आणून खोडत गेलो. येळगावचं धरण गावाला पाणी पाजतं, त्यात उतरणं बरं नव्हे. लोणारला चालणं भरपूर. विवराच्या काठावरून सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचं ते अजब वर्तुळ बघत उतरायचं. पण तळातल्या सरोवराचं पाणी इतकं खारं आणि अल्कधर्मी, की त्यात पोहायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. वरच्या अंगाला गोड्या पाण्याची धार आहे, ती अंगावर घ्यायची, तिच्यात पोहायचं नाही. सिंदखेडराजाचा मोती तलाव बघायला देखणा, पण तिथं आपण जातो ते जिजाऊंच्या जन्मगावाला नमस्कार करायला, चड्डी घालून उडी मारायला नाही. उरली ती वान नदी आणि तिच्यावरचं वारी भैरवगड.

बहिणीनं नाव ऐकलं मात्र, कणकेचा हात तसाच ठेवून ती बाहेर आली. वारीला वानच्या पात्रात एक डोह आहे आणि त्याचं नाव मामा-भाचा. आपल्याकडे मामा-भाच्यानं एका नावेत बसू नये म्हणतात, आणि आम्ही दोघं त्याच नावाच्या डोहावर निघालेलो. नावामागची गोष्ट विचारायची गरजही पडत नाही. शेवटी डोहात पाय घालणार नाही अशी शपथ घेऊन आम्ही निघालो. ती शपथ मला जड गेली नाही. वारीच्या डोहात पोरं बुडाल्याच्या बातम्या मी वर्षानुवर्षं पेपरात वाचत आलो आहे.

बुलढाण्याहून खामगावकडे जाताना बोथ्याचा घाट लागतो आणि तो ज्ञानगंगा अभयारण्यातून उतरतो. सुमारे दोनशे चौरस किलोमीटरचं हे कोरडं, पानगळीचं जंगल १९९७ साली अभयारण्य झालं. फेब्रुवारीत साग उघडा पडलेला असतो आणि पळसाला नुकता रंग चढू लागलेला असतो. भाचा खिडकीतून बघत म्हणाला, "ह्यात काही असेल असं वाटत नाही." मग मी त्याला इथल्या सर्वांत मोठ्या पायी प्रवाशाची हकिकत सांगितली. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर वाघ. २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली. पावसाळ्याच्या तोंडावर तो स्वतःसाठी मुलूख शोधायला निघाला आणि तेलंगणातून, मराठवाड्यातून, कपाशीच्या आणि सोयाबीनच्या शेतांतून, महामार्ग ओलांडत डिसेंबरात ज्ञानगंगेत येऊन पोचला. तोवर सुमारे तेराशे किलोमीटर झाले होते. पुढंही तो चालतच राहिला आणि एकूण हिशेब तीन हजारांच्या वर गेला. माणसांनी त्याला 'वॉकर' म्हणायला सुरुवात केली. तो इथं एकटाच होता, त्याला वाघीण मिळाली नाही. वाटेतल्या इतक्या गावांमधून तो गेला, पण बहुतेकांना पत्ताही लागला नाही, ही गोष्ट मला त्या किलोमीटरांपेक्षा मोठी वाटते.

खामगाव मागं टाकलं. शेगावला स्टेशनजवळ कचोऱ्या बांधून घेतल्या. त्या न घेता शेगावातून पुढं जाणं आमच्या घरी गुन्हा समजतात. शेगावच्या उत्तरेला मुलूख सपाट होतो, झाडं विरळ होतात आणि काळी जमीन दूरवर पसरते. पूर्णेचा पूल लागतो. नदी खोल घळीत, मातीच्या उभ्या काठांमधून वाहते आणि तिच्यात उतरावंसं मुळीच वाटत नाही.

इथं गाडी थांबवून भाच्याला मी एक बोअर दाखवली. हातपंपाखाली दगडावर पांढरा थर चढला होता. "चाखून बघ," म्हटलं. त्यानं ओंजळभर तोंडात घेतलं आणि लगेच थुंकलं. हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला. सातपुडा आणि अजिंठा यांच्या मधल्या खोलगट भागात नदीनं लाखो वर्षं गाळ आणून भरला, आणि त्या गाळात खोलवर क्षार अडकून राहिले. वरची काळी माती पाणी खाली जाऊ देत नाही आणि खालचं वर आलं की सोबत मीठ घेऊन येतं. विहीर खोदली तर खारं, बोअर मारली तर आणखी खारं. ते पाणी पिकाला दिलं की दोन-चार हंगामांत जमीन दगडासारखी होते. म्हणून इथला शेतकरी भुईखाली पाणी असून कोरडवाहू आहे. कपाशी, तूर, हरभरा, आणि बाकी सगळं आभाळाच्या भरवशावर. पोटात गेलेलं मीठ वेगळंच. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या गावागावांत मूत्रपिंडाच्या आजाराची माणसं आहेत. डायलिसिस हा शब्द इथल्या सातवी नापास म्हाताऱ्यालाही नीट उच्चारता येतो. भाचा नंतर बराच वेळ बाटलीतल्या पाण्यानं चुळा भरत होता.

वरवट बकाल गेलं, आणि समोर सातपुडा दिसू लागला. दक्षिणेकडून बघताना तो एकदम उभा राहतो, आधी टेकड्या वगैरे काही नाही, शेतं संपली की भिंतच. या भिंतीच्या पायथ्याला मात्र पाणी गोड आहे. डोंगरातून येणारे ओढे इथं गोटे-वाळू टाकतात, पाणी मुरतं आणि विहिरी भरतात. त्यामुळं अर्ध्या तासापूर्वीच्या पांढऱ्या दगडांनंतर सोनाळ्याच्या बाजूला एकदम संत्र्यांच्या बागा सुरू होतात. मृग बहाराची फळं झाडावर होती आणि फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले होते. डावीकडे, जामोदच्या दिशेनं डोंगराच्या कुशीत काही गावं आहेत. तिथं दोन-अडीच हजार माणसं निहाली बोलतात. ही भाषा ना मराठीच्या कुळातली, ना द्राविडी, ना शेजारच्या कोरकूच्या कुळातली. जगात तिला नातेवाईकच सापडलेला नाही. कायपर नावाच्या डच पंडितानं १९६२ साली तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. आमच्या जिल्ह्यातल्या किती जणांना ती इथं आहे हे माहीत असेल, याची मला शंका आहे. मला स्वतःला चाळिशीनंतर कळलं.

वारी भैरवगड तीन जिल्ह्यांच्या सांध्यावर आहे. अकोल्याचे लोक ते आपलं म्हणतात, संग्रामपूरचे लोक आपलं म्हणतात, आणि नदी मेळघाटातून, म्हणजे अमरावतीतून येते. अपघात झाला की मात्र ते कुणाचंच नसतं, असं तिथला चहावाला म्हणाला. नदी जिथं डोंगर सोडते तिथं हनुमान सागर नावाचं धरण आहे आणि खाली हनुमानाचं देऊळ. मूर्ती समर्थ रामदासांनी स्थापली अशी इथली श्रद्धा आहे. शनिवारी गर्दी असते, आम्ही गेलो तो दिवस साधा होता. नारळाची दोन दुकानं, एक रसवंती, माकडांची एक टोळी, आणि देवळामागच्या झाडांखाली तीन दगडांच्या चुली मांडून रोडगे भाजणारं एक कुटुंब. वऱ्हाडात नवस फेडायचा म्हणजे रोडगे आणि वांग्याची भाजी. धुराचा वास अख्ख्या परिसराला होता. आम्हालाही आग्रह झाला आणि आम्ही फार आढेवेढे घेतले नाहीत.

डोहाच्या वरच्या बाजूला फलक आहे, पोहण्यास मनाई. डोह पाहिला आणि तो फसवा का आहे ते कळलं. काळ्या बेसाल्टमध्ये नदीनं खोदलेली उभ्या कडांची कुंडं. निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत, त्याच जातीचं हे काम. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे खडकातल्या खळग्यात गरगर फिरत राहतात आणि खळगा खोल होत जातो. वरून पाणी हिरवंगार आणि शांत. काठाला गुडघाभर खडक दिसतो, त्यावर शेवाळ. तिथून पाय सरकला की पुढच्या पावलाला तळच नाही. परत चढायला धरायचं काय, तर गुळगुळीत भिंत. वरचं पाणी उन्हानं कोमट आणि पुरुषभर खाली बर्फागत थंड, त्यामुळं चांगल्या पोहणाऱ्याच्याही पायाला गोळा येतो. तलावात रोज पन्नास फेऱ्या मारणारा भाचा काठावर उभा राहून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "लाइफगार्ड नसतो का इथं?"

चहावाल्यानं ते ऐकलं. "लाइफगार्ड मारुतीराया हाय," तो म्हणाला. "पन त्याचं बी ऐकत नाहीत पोरं. बाहेरगावची येतात, जेवतात, आन डायरेक उडी. आमी इथलेच, पन आमी त्यात उतरत नाही बाप्पा. पोहाचं असन त खाली जा, दगडगोट्याइकडं. तिथं कमरेएवढं हाय."

आधी चालणं उरकावं म्हणून आम्ही नदीच्या काठाकाठानं निघालो. चालणं या गोष्टीची इथं एक गंमत आहे. नदीच्या वरच्या अंगाला वान अभयारण्य, पश्चिमेला बुलढाणा जिल्ह्यातलं अंबाबरवा अभयारण्य, दोन्ही १९९७ ची आणि दोन्ही मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडणारी. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. म्हणजे इथं आत जायचं तर जिप्सीत बसून, परवाना काढून, गाईड घेऊन. पायी उतरायचं नाही. नियम योग्यच आहे, अस्वल समोर आलं तर ट्रेकिंगचे बूट कामाला येत नाहीत. पण पिढ्यान्‌पिढ्या जे या डोंगरात पायीच फिरत होते, त्या आदिवासींची गावं उठवून खाली पायथ्याला आणली गेली. ज्यांना इथली प्रत्येक वाट माहीत, ते आता वाटेच्या बाहेर, आणि वाट माहीत नसलेले आम्ही जीपमध्ये. वाघाला तेवढी तीन हजार किलोमीटर विनापरवाना चालायची मुभा.

म्हणून आमचं चालणं जंगलाच्या बाहेरून, धरणाच्या खालच्या पात्रानं. तेही काही कमी नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडावर वान अर्धी गोट्यांची आणि अर्धी पाण्याची असते. गोट्यांवरून चालताना घोट्यांची परीक्षा होते, म्हणून मग वाळूच्या पट्ट्यावरून, मग पाण्यातून, मग करंजाच्या मुळ्या धरून काठावर. अर्जुनाची पांढरी खोडं पाण्याकडे झुकलेली. खंड्या आमच्या पुढं पुढं उडत एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर बसत होता, जणू आम्हाला हद्दीबाहेर पोचवायची कामगिरी त्याच्यावर होती. ओल्या वाळूत रानडुकराचे खूर उमटलेले. त्याच्यापुढं एक मोठा, बोटांचा ठसा होता. भाच्यानं लगेच फोटो काढून वाघ जाहीर केला. नखं उमटलेली होती. मी म्हटलं, कुत्रा. तो आजही ते मानत नाही.

वळणापलीकडे पात्र रुंद झालं आणि पाणी पसरलं. तिथं गावातली चार पोरं आधीच होती, म्हशी पाण्यात बसवून स्वतः त्यांच्या पाठींवरून उड्या मारत. आम्ही उतरलो. पाणी कमरेपर्यंत, कुठं छातीपर्यंत, तळाला गोटे, आणि प्रवाह इतका की पाठीवर पडून राहिलं तर नदी आपोआप पन्नास-साठ हात खाली नेऊन उथळ्यावर ठेवते. तिथून उठायचं, चालत वर यायचं, परत पाण्यावर पडायचं. तास कसा गेला कळलं नाही. पाण्यात कान बुडवले की गोटे एकमेकांवर घासल्याचा आवाज येत होता.

भाच्याचं फ्रीस्टाइल सुंदर आहे. हात कोपरातून वळतो, मान बेतानं फिरते. पोरं म्हशींवर बसून ते बघत राहिली. मग त्यातल्या एकानं विचारलं, "दादा, बुडी येते का?" आणि उत्तराची वाट न बघता तो पाण्याखाली गेला. आम्ही वर बघतोय, खाली बघतोय, आणि पोरगं पार पलीकडच्या काठाला, म्हशीच्या शेपटीपाशी वर आलं. भाच्यानं प्रयत्न केला. नाकात पाणी गेलं, गॉगल निसटला, तो शोधायला परत त्याच पोराला बुडी मारावी लागली.

ती पोरं पाण्यात शिकलेली होती. मी विहिरीत शिकलो. घाटावर आमच्या पिढीत सगळे तसेच शिकले. पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधायचे, काकानं वरून ढकलायचं आणि दुसऱ्या काकानं आत पाण्यात उभं राहायचं. आठवड्यानं डबा सुटायचा, महिन्याभरात मोटेच्या धावेवरून मुटके सुरू व्हायचे. दोर विहिरीत सोडलेला असायचा आणि काठावर एक मोठं माणूस असायचंच, हे त्यातलं खरं शहाणपण. आता विहिरींना पाणी नाही, बोअरमध्ये कुणी पोहू शकत नाही, आणि तालुक्याच्या गावांत तलाव बांधायला कुणाकडे पैसे नाहीत. म्हणजे एक आख्खी पिढी पोहायला न शिकता मोठी झाली. तीच पिढी मोटारसायकली घेऊन सुटीच्या दिवशी वारीला येते आणि हिरवं पाणी बघून उडी मारते.

म्हणून मला तो मनाईचा फलक पुरेसा वाटत नाही. नदीकाठची ही जागा वन खात्याला जंगलाची कड वाटते, पाटबंधारे खात्याला धरणाचा पायथा वाटतो, भाविकांना देवस्थान वाटतं. लोक इथं पाण्यात उतरायला येतात, हे मात्र कुणाच्याच कागदावर नाही. आम्ही उतरलो त्या गोट्यांच्या पसाऱ्यापाशी चार पायऱ्या, डोहाच्या तोंडाला आडवा दोर, शनिवार-रविवारी शिट्टी घेऊन बसलेली गावातलीच दोन पोरं आणि धरणातून पाणी सोडण्याआधी भोंगा, एवढ्यानं बरंच काम होईल. खर्च म्हणाल तर एखाद्या स्वागत कमानीपेक्षा कमी. चहावाल्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं मान डोलावली आणि विचारलं, "कोन्त्या जिल्ह्यात अर्ज करान?"

उन्हं कलताना निघालो. भाच्याचे ओठ पांढरे पडले होते आणि भूक अशी, की शेगावच्या कचोऱ्या रोडग्यांवरही संपल्या. बाटल्यांतलं पाणी कधीच संपलेलं. खारपाणपट्ट्यातल्या एका गावात रस्त्यालगतच्या घरापुढं एक बाई नळाखाली हंडे लावून बसल्या होत्या. पाणी मागितलं. त्यांनी माठातलं गिलासभर दिलं. गार आणि गोड. दुपारच्या त्या बोअरच्या घोटानंतर ते आणखीच गोड लागलं असावं.

"कुठून आले बापा?"

"वारीहून. नदीवर पोहून आलो."

त्या थांबल्या. "वानात? आमी पेतो त्यात?"

वान धरणातून संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या गावांना नळानं पाणी येतं, हे मला ठाऊक होतं. आपण ज्यात लोळत होतो तेच हे, असं मात्र तोवर डोक्यात आलं नव्हतं. मी घाईघाईनं समजावून सांगितलं, की नळाचं पाणी धरणातून घेतात, आम्ही धरणाच्या खालच्या अंगाला होतो, ते पाणी इकडं येतच नाही.

"खाली पोहा नाहीतं वर पोहा, पानी वानचंच ना भाऊ?" त्या म्हणाल्या. "आन इथं नळ रोज येत नाही."

"काकू, ते शुद्ध करून देतात," भाचा म्हणाला.

"मंग घे, पे," म्हणत त्यांनी त्याच्या हातात गिलास दिला. त्यानं तो एका दमात संपवला आणि पुन्हा पुढं केला. पुन्हा भरून दिला, तोही गेला. तिसऱ्यांदा त्यानं गिलास पुढं केला तेव्हा त्यांनी माठावर झाकण ठेवलं आणि आत बघून ओरडल्या, "अवं, हे लेकरू नदी पिऊन आलं तरी तहानलंच हाय. याले बोअरचं देऊ का?"